आधी ताट, मग बाकीचं

शुक्रवार, रात्री

आजच्या चर्चेत तरुण सहकारी म्हणाला, 'सगळ्यांतलं थोडं थोडं घेऊ या ना!' विषय होता बुलिमिया (अधाशासारखं खाऊन मग उलटी वगैरे करून ते काढून टाकण्याचा आजार) असलेल्या बाविशीतल्या मुलीचा. थोडं सीबीटी (विचार आणि सवयी बदलण्याची उपचारपद्धत), थोडं डीबीटी (तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी), वर आईवडिलांनाही बोलवू. असं ऐकलं की मला धडकी भरते. पद्धती एकत्र करायला विरोध नाही, मी रोज तेच करते. पण कशानंतर काय, हे ठरलेलं हवं.

तिची खाण्याची वही समोर होती. मंगळवारी अंगारकी. सकाळी चहा, दुपारी काही नाही, चंद्रोदयानंतर दोन मोदक. अकरा वाजता बिस्किटांचा अख्खा पुडा, उरलेला भात, शेंगदाणे, मग उलटी. शेवटच्या रकान्यात बारीक अक्षरात, 'उद्या काहीच खायचं नाही.' खाण्याच्या आजारांसाठी सीबीटी बसवणारे ऑक्सफर्डचे फेअरबर्न पहिला घाव घालतात तो याच चक्रावर: तीन जेवणं, मध्ये दोन-तीनदा खाणं, चार तासांहून जास्त पोट रिकामं नाही. वजन फार कमी नसेल तर २० सत्रं. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात ३६ धडधाकट पुरुषांना अर्धपोटी ठेवलं, तर त्यांच्या डोक्यात अन्नाशिवाय काही उरेना. काही जण चक्क पाककृती जमवायला लागले. अशा मनाला बालपणाबद्दल विचारून काय हाती लागणार?

डीबीटीतलं मात्र मी पहिल्या आठवड्यापासून घेते. खाण्याची उबळ आली की तोंडावर गार पाणी मारायचं आणि ती ओसरेपर्यंत तग धरायचा. परवा ती वीस मिनिटं गॅलरीत उभी राहिली म्हणे. मला तेवढंही पुष्कळ वाटलं.

खरी ओढाताण घरच्यांची. मॉड्स्ली पद्धतीत जेवणाचा ताबा आईवडील घेतात. ती मुख्यतः किशोरवयीन मुलामुलींसाठी. सीबीटीत जबाबदारी पेशंटची. दोन्ही एकदम सांगितलं तर घरात रोज भांडणं. आई विचारत होत्या, 'मॅडम, देवाचा उपास सोड असं मी कसं सांगू?' म्हटलं, 'ताई, आजारी माणसाला उपास नसतो, हे तुमच्या सासूबाईंनीही सांगितलं असतं.' हसल्या, पण पटलेलं दिसलं नाही.

गुरुवारी शेवटची पंधरा मिनिटं त्यांना आत घ्यायचं. ताट मुलीने स्वतः वाढून घ्यायचं, आईने नुसतं सोबत जेवायचं, 'अजून घे' नाही. आणि हे आधी मुलीशी ठरवून. पोटॅशियमचा रिपोर्ट अजून आलेला नाही. उलट्या चालू आहेत, तेव्हा सकाळी पहिला फोन डॉक्टरांना.