राणी रंगाची पैठणी आणि माझे चार हेलपाटे

तीन वेळा पैठणहून संभाजीनगरला गेलो, दर खेपेला जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर, आणि तिन्ही वेळा फोटो लॅबच्या काउंटरवर एकच उत्तर मिळालं: "दादा, तुमचा व्हाइट बॅलन्स चुकलाय." म्हणजे उजेडाच्या रंगाप्रमाणे फोटोचे रंग जुळवण्यात मी चुकलो. आठवलं की अजून डोकं तापतं.

मावसबहिणीच्या लग्नाचा अल्बम होता. पैठणी राणी रंगाची, काठ हिरवेगार, पदरावर मोर. प्रिंटमध्ये राणी रंग जांभळट, काठ पिवळट आणि नवरीचा चेहरा तापातून उठल्यासारखा.

फोटो काढताना काहीच अडलं नव्हतं. मांडवाचं कापड पिवळं, त्यामुळे दुपारच्या उन्हात सगळ्यांवर पिवळी झाक. पिवळ्याचा विरोधी निळा, म्हणून व्हाइट बॅलन्सचा आकडा, केल्व्हिन, कमी केला आणि झाक गेली.

तरी लॅबवाल्याच्या शब्दावर दोन रात्री जागलो. साडीचा जांभळटपणा मारायला पिवळा वाढवला की काठ आणखी पिवळे. काठ सावरायला निळा वाढवला की साडी थेट वांगी! तिसऱ्या रात्री डोक्यात उजेड पडला. व्हाइट बॅलन्स चुकला तर अख्खा फोटो एकाच बाजूला झुकतो. इथे साडी निळ्याकडे आणि काठ पिवळ्याकडे पळत होते. म्हणजे दोष उजेडाचा नव्हताच.

चौथ्या खेपेला काउंटर सोडून आत मशीनवरच्या पोराला गाठलं. "फाइल कोणत्या कलर स्पेसमध्ये लागते?" कलर स्पेस म्हणजे फाइलमधला कोणता आकडा नेमका कोणता रंग, हे ठरवणारं कोष्टक.

"एसआरजीबी. दुसरी कुठली दिली तरी मशीन एसआरजीबीच धरतं."

मी रॉमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधून, फोटो काढताना अ‍ॅडोबी आरजीबी ही दुसरी कलर स्पेस निवडली होती. तिचा रंगांचा पट्टा मोठा, म्हणून चांगली असेल असं धरून चाललो होतो. ते आकडे एसआरजीबी समजून वाचले की लाल दबतो, आणि राणीतला लाल दबला की जांभळाच वर येतो. हे एक वाक्य काउंटरवर पहिल्याच दिवशी सांगायला काय हरकत होती?

फाइली एसआरजीबीत पुन्हा काढल्या, बस. तुमच्याकडे रॉ नसून तयार जेपेग फोटो असेल तर फोटोच्या सॉफ्टवेअरमधलं 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' वापरा, 'असाइन' नको. 'असाइन'ने आकडे तेच राहतात आणि रंग बिघडतात. आणि अल्बमआधी एकच चार बाय सहा प्रिंट मागा, तीही लॅबच्या ट्यूबखाली पास करू नका.

मी ती अंगणात, मावशीने आणलेल्या पदराशेजारी धरली. काठ हिरवे होते. मावशी म्हणाली, "आता दिसली बघ माझी पोर."