निळ्या पडद्यामागचा ड्रायव्हर

पांढरकवडा तालुक्यातील एका गावातल्या फोटो स्टुडिओचे हे प्रकरण २०१० च्या सुमाराचे, ऐन लग्नसराईतले आहे. लग्नाच्या चित्रणाची डीव्हीडी भरायला घेतली की संगणक मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होत असे आणि ती डीव्हीडी वाया जात असे. "भाऊ, साध्या सीडीले काहीच होत नाही, डीव्हीडी लावली का रिस्टार्ट मारून राह्यला हा, काहून?" असे स्टुडिओच्या मालकांनी मला विचारले. लोडशेडिंगचे दिवस असल्यामुळे सर्वांचा संशय विजेवर होता. त्यामुळे त्यांनी आधीच नवा यूपीएस घेतला होता, डीव्हीडी रायटर बदलला होता आणि दुसऱ्या एका दुरुस्तीवाल्याकडून संगणक फॉरमॅटही करून घेतला होता. परिस्थिती मात्र जैसे थे होती.

विंडोज एक्सपीमध्ये बिघाड झाल्यावर संगणक आपोआप पुन्हा सुरू व्हावा अशी सोय मुळातच चालू असते, आणि तिच्यामुळे बिघाडाचे कारण दाखवणारा निळा पडदा वाचण्याआधीच निघून जातो. मी सर्वप्रथम ती बंद केली. संपादनाचे सॉफ्टवेअर नेहमीप्रमाणे उघडे ठेवून डीव्हीडी लावली, तेव्हा निळा पडदा ठाण मांडून बसला. त्यावर 'ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल' हा संदेश आणि डी१ हा स्टॉप कोड, म्हणजे बिघाडाचा क्रमांक होता. ड्रायव्हर म्हणजे एखादे उपकरण विंडोजशी जोडणारा छोटा प्रोग्राम, आणि आयआरक्यूएल म्हणजे व्यत्ययाची पातळी, म्हणजेच प्रोसेसर त्या क्षणी किती तातडीचे काम करत आहे याची पायरी. वीज गेल्यावर निळा पडदा येत नाही, संगणक सरळ बंद पडतो. त्यामुळे यूपीएसची चर्चा तिथेच संपली. केबल खराब असती, तर विंडोजने चुका मोजत मोजत रायटरला डीएमए या माहिती नेण्याच्या जलद पद्धतीवरून पीआयओ या संथ पद्धतीवर आणले असते. ती नोंद मी डिव्हाइस मॅनेजरमध्ये पाहिली आणि डीएमए शाबूत होता.

अशा प्रत्येक बिघाडाच्या वेळी विंडोज स्मृतीचा एक छोटा पंचनामा मिनिडंप नावाच्या फोल्डरमध्ये लिहून ठेवते. एक्सपीमध्ये ही फाइल अवघी ६४ केबीची असे. त्या फायली पेन ड्राइव्हवर घेऊन मी माझ्या दुकानात विनडीबीजी या बिघाड तपासण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडल्या. एका फाइलमध्ये संशयित म्हणून खुद्द विंडोजच्या कर्नलचेच, म्हणजे गाभ्याचेच नाव आले होते. तेवढ्यावर विसंबून अनेक जण पुन्हा फॉरमॅट करायला घेतात, पण ते नाव हा केवळ अंदाज असतो. त्याखालचा स्टॅक, म्हणजे बिघाडाच्या क्षणी कोणी कोणाला काम सांगितले होते याची यादी, वाचल्याशिवाय निर्णय देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. सगळ्या फायलींच्या स्टॅकमध्ये एक अनोळखी ड्रायव्हर होता, आणि तो सीडी-डीव्हीडी भरण्याच्या एका जुन्या सॉफ्टवेअरचा निघाला. ते सॉफ्टवेअर तर त्या संगणकावरून केव्हाच काढून टाकलेले होते.

तो फिल्टर ड्रायव्हर होता. कापसाची गाडी जिनिंगमध्ये शिरण्यापूर्वी वजनकाट्यावरून जाते, तशी रायटरला दिलेली प्रत्येक आज्ञा अशा ड्रायव्हरमधून पुढे जाते. साधा प्रोग्राम चुकला तर तो एकटाच बंद पडतो. ड्रायव्हर कर्नलमध्ये चालतो, म्हणून तो चुकला की विंडोजला सगळेच थांबवावे लागते. डी१ चा अर्थ असा की, व्यत्ययाची पातळी चढलेली असताना ड्रायव्हरने अशा स्मृतीला हात घातला, जी त्या क्षणी हार्ड डिस्कवर हलवलेली होती. त्या पातळीवर ती परत आणण्याची सोय नसते. तीच स्मृती रॅममध्ये असेल, तर ही चूक झाकून जाते. रॅम अपुरी पडली की विंडोज स्मृतीचा काही भाग असा डिस्कवर हलवते. मालकांच्या तक्रारीचा उलगडा इथे झाला: त्यांच्या संगणकात ५१२ एमबी रॅम होती, सीडी भरताना दुसरे काही उघडे नसे, आणि डीव्हीडी मात्र संपादनाचे अवजड सॉफ्टवेअर चालू असतानाच भरली जाई.

सोक्षमोक्ष लावण्यासाठी मी विंडोजमध्येच असलेला व्हेरिफायर, म्हणजे ड्रायव्हरची कसोटी घेणारा प्रोग्राम, त्या एका ड्रायव्हरवर लावला. आयआरक्यूएलची सक्त तपासणी निवडली की तो ड्रायव्हरच्या हलवता येण्याजोग्या स्मृतीला मुद्दाम रॅमबाहेर ठेवतो, म्हणजे चूक नशिबावर सुटत नाही. त्याआधी लग्नांचे सगळे चित्रण दुसऱ्या डिस्कवर काढून घेतले, कारण ते काही पुन्हा मिळणारे नव्हते. या वेळी संपादनाचे सॉफ्टवेअर बंद असूनही, डीव्हीडी भरणे सुरू होताच निळा पडदा आला आणि त्यावर त्याच ड्रायव्हरचे नाव होते.

काढताना क्रम पाळावा लागतो. ड्रायव्हरची फाइल आधी उडवली आणि रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीतील नोंद तशीच राहिली, तर रायटरच माय कॉम्प्युटरमधून नाहीसा होतो. म्हणून मी प्रथम व्हेरिफायर काढला, रजिस्ट्रीची प्रत ठेवली, सीडी-डीव्हीडी वर्गाच्या अपरफिल्टर्स या नोंदीतून फक्त ते एक नाव वगळले आणि संगणक पुन्हा सुरू झाल्यावर फाइलचे नाव बदलले. त्यानंतर संपादनाचे सॉफ्टवेअर उघडे ठेवून ८एक्स वेगाने लावलेली डीव्हीडी पूर्ण भरली गेली आणि पडताळणीतही खरी उतरली.

फॉरमॅटनंतरही हा ड्रायव्हर आला कुठून, हा प्रश्न उरला होता. जुन्या रायटरसोबत मिळालेली सॉफ्टवेअरची सीडी मालकांनी फॉरमॅटनंतर पुन्हा चढवली होती. नव्या रायटरचे सॉफ्टवेअर आल्यावर जुने त्यांनी रीतसर काढले, पण त्याचा फिल्टर मागे राहिला. ती सीडी अजून टेबलाच्या खणात होती. मी त्यांच्याकडून ती मागून घेतली, आणि त्यांनी त्याच दुपारी रखडलेल्या लग्नांच्या डीव्हीडी भरायला घेतल्या.