जिन्याखालचा गुंता

इंदूरच्या सियागंजातल्या एका जुन्या व्यापारी इमारतीत सध्या टेलिफोनच्या तारा आवरतोय. तारांची कुठली जोडी कुठल्या दुकानात जाते, कुणालाच पत्ता नाही. इमारतीचं पाहणारे रामबागेतले काका म्हणाले, "अरे, सगळं कापून टाक ना!" कापायचं कसं? लिफ्टचा फोन अजून त्याच तांब्याच्या तारांवर चालतो. आधी मीटर लावायचा. रिसीव्हर ठेवलेला असताना 48 व्होल्टच्या आसपास डीसी दिसलं, तर लाइन जिवंत. (घंटी वाजताना मात्र एसी बरंच जास्त असतं, बोटं सांभाळा.) मग टोनर, म्हणजे तारेत सूर सोडून तिचं दुसरं टोक शोधायचं यंत्र. पांढऱ्यासोबत निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, करडी हा तारांच्या रंगांचा क्रम पाठ असला की निम्मं काम झालं. क्रोन मॉड्यूलवर, म्हणजे तारा जोडायच्या पट्टीवर, 10 जोड्या बसतात. तारा खाचेत दाबून बसवायचं पंचिंग टूल सोडून पेचकसानं तारा कोंबणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार!