तुम्ही विचारलंत म्हणून: कागदावर नाव साहेबाचं काहून?

"मॅडम, सारं तं तुमीच करून राहिल्या, मंग कागदावर नाव साहेबाचं काहून हाय?"

समुद्रपूरकडच्या एका काकूंनी कन्सेंट फॉर्मवर, म्हणजे संमतीच्या कागदावर, अंगठा देता देता हे विचारलं होतं. तेव्हापासून गावी गेले की कोणी ना कोणी विचारतंच, मावशी, वहिनी, परवा तर एसटीत शेजारी बसलेल्या मास्तरीणबाई. म्हणून एकदाचं लिहून टाकते.

मी नागपुरात एका कॅन्सर हॉस्पिटलात ट्रायल कोऑर्डिनेटर आहे. ट्रायल म्हणजे औषध किंवा उपचार पेशंटवर पद्धतशीर तपासून पाहणं, आणि त्याची सगळी धावपळ माझी. म्हणजे पेशंटला फोन करायचा, फॉलोअपची तारीख सोयाबीन सोंगणीत तर येत नाही ना पाहायचं, रक्त कुरिअरला द्यायचं, कोणाला उलट्या झाल्या कोणाला ताप आला ते सगळं फॉर्मात भरायचं आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचा) सोडला का हे दर वेळी विचारून दर वेळी खोटं उत्तर ऐकायचं. फॉर्मवर नाव असतं पीआयचं, म्हणजे प्रमुख संशोधक डॉक्टरचं. ते बरोबरच आहे, पेशंटला काही गंभीर झालं तर चोवीस तासांत कळवायची जबाबदारी त्यांची, माझी नाही, आणि मी काही डॉक्टर नाही.

पण काकूंचा प्रश्न तो नव्हताच. त्यांना म्हणायचं होतं, इथं साऱ्या बायाच दिसतात मग वरती बाई काहून नाही. आमच्या मजल्यावर कोऑर्डिनेटर बाया, नर्स बाया, सोशल वर्कर बाई. मी आजवर सात ट्रायलवर काम केलं, त्यात मॅडम पीआय एकच.

हे आमच्याकडचंच नाही. २०२३ मध्ये लॅन्सेट या डॉक्टरी जर्नलच्या कमिशननं बाया आणि कॅन्सर यावर मोठा रिपोर्ट काढला, त्यात यूआयसीसी या कॅन्सरवर काम करणाऱ्या जागतिक संघटनेच्या सदस्य असलेल्या १८४ हॉस्पिटलं आणि रिसर्च संस्था पाहिल्या तर फक्त १६ टक्क्यांच्या प्रमुख बाया होत्या. आपल्याकडे २०१९ च्या ट्रायलच्या नियमात एथिक्स कमिटीत, म्हणजे ट्रायलला परवानगी देणाऱ्या समितीत, कमीत कमी सात जण आणि त्यात एक तरी बाई पाहिजेच असं लिहिलंय. लिहावं लागलं बाप्पा! पीआयसाठी तर असं काहीच नाही. औषध कंपनी ओळखीच्या नावाकडे जाते, एक ट्रायल केली की दुसरी त्याच दारात येते, आणि मीटिंग ठरते बंगलोरला ती पण चार दिवस आधी. एका मॅडमनी लेकरू लहान म्हणून ट्रायल सोडली, त्याच वर्षी एका सरांना पण लेकरू झालं होतं तर आम्ही पेढे खाल्ले, बस.

आता कोणी म्हणेल पीआय बाई असो का बुवा, औषध तेच ना. औषध तेच, पण काय मोजायचं ते वरचा माणूस ठरवतो. आपल्याच विदर्भातलं सांगते. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, १९८९ मध्ये लॅन्सेटला छापून आलं. ९२ टक्के बायांना आतला काही ना काही आजार निघाला, आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. कॅन्सरची ट्रायल नव्हती ती, पण बाया गप्प आहेत म्हणजे त्यांना काही होत नाही हे समीकरण तिथं मोडलं.

दुसरं मुंबईच्या टाटा कॅन्सर हॉस्पिटलचं. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, ऑपरेशन झालं की काही जणींना रेडिएशन देतात, पेशंटच्या भाषेत लाईट. डॉ. सुप्रिया चोप्रांच्या टीमनं ३०० बायांपैकी काहींना जुन्या पद्धतीनं आणि काहींना नव्या, रोज फोटो घेऊन नेमकं देण्याच्या, पद्धतीनं लाईट देऊन पाहिली. २०२१ मध्ये निकाल आला. तीन वर्षांत आतड्याचा बऱ्यापैकी त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के बायांना, नवीत २१.१ टक्के, आणि कॅन्सर आवरण्यात दोन्ही सारख्याच. ट्रायल म्हटलं की किती जगल्या तेवढंच विचारतात, इथं विचारलं जगताना संडासला किती वेळा जावं लागते. निंदणाला गेलेल्या बाईला दिवसातून सात-आठ वेळा जावं लागलं तर मजुरी जाते, एसटीनं माहेरी जाणं बंद होते. हा प्रश्न बाईलाच सुचतो असं मी म्हणणार नाही, चांगले सर पण पाहिलेत मी.

आणि बाई म्हणजे बायांचेच आजार असंही नाही. आपल्याकडे खर्र्यानं तोंडाचे पेशंट किती ते सांगायला नको, त्यांना रेडिएशनसोबत सिस्प्लाटिन या केमोच्या औषधाचं सलाईन दर आठवड्याला थोडं द्यायचं का तीन आठवड्यांनी मोठा डोस, ही ट्रायल टाटातच डॉ. वनिता नोरोन्हांनी केली, त्यात पण ३००च पेशंट. २०१८ ला आली, आजार दाबून ठेवण्यात तीन आठवडेवाला डोस सरस निघाला.

तर काकू, नाव साहेबाचं काहून ते हे असं. मागच्या महिन्यात मात्र आमच्याकडे नवी ट्रायल लागली आणि पीआय मॅडम आहेत. पहिल्या पेशंटच्या सासूबाईंना मॅडमनी वीस मिनिटं खाली बसून सगळं समजावलं, सासूबाई माना डोलवत होत्या. मॅडम गेल्यावर हळूच मला म्हणाल्या, "या नर्सबाईनं चांगलं सांगतलं माय. मोठे डॉक्टर कधी येतीन?"

म्हटलं, "आत्ताच तं गेले."