आमची वाटचाल: पांढरी तीन ते पांढरी पाच

आमच्या दुकानात टर्नटेबल दुरुस्त झालं की त्यावर पहिली तबकडी लागते ती डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडची 'मशीन हेड'. तीही दुसरी बाजू. त्या बाजूचं पहिलं गाणं 'स्मोक ऑन द वॉटर'. गेली पस्तीसएक वर्षं हा नेम आहे आणि त्यामागे आमच्या घरातली एक गोष्ट आहे.

माझे मामा १९७८ साली अमेरिकेतून कायमचे परत आले. सामानात एक रेकॉर्ड प्लेअर होता, सोबत लोखंडी पेटीएवढा जड ट्रान्सफॉर्मर, आणि चाळीसेक एलपी. मामांना मुंबईला नोकरी लागली, तिथे जागा लहान, म्हणून हे सगळं पुण्यात आमच्या घरी आलं. मी बारा वर्षांचा. घरात तोवर आकाशवाणी आणि आईची पेटी, म्हणजे हार्मोनियम. आई शास्त्रीय गाणं शिकलेली होती, चार मुलींना शिकवायचीही.

त्या चाळीसांत पिंक फ्लॉइड, लेड झेपलिन, क्वीन, ईगल्स, फ्लीटवुड मॅक असं सगळं होतं. इंग्रजी मला जेमतेम कळायचं. पण 'मशीन हेड'च्या दुसऱ्या बाजूला सुई टेकली की आधी एकटी गिटार यायची, मग झांजेचा बारीक ठेका, मग खरखरीत ऑर्गन, मग ड्रम आणि शेवटी बास. एकामागून एक माणसं खोलीत येऊन बसावीत तसं. मी ते रोज ऐकायचो. आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अरे, हे लोक एवढ्या खाली का गातात? गळ्याला त्रास होत असेल." एकदा तिने पेटी काढून पांढऱ्या पट्ट्या मोजत सूर धरला. "पांढरी तीन. आणि तीसुद्धा किंचित उतरलेली. पेटी लावून घेत नाहीत का तुमचे साहेब?"

पाच वर्षं आम्ही ते तसंच ऐकलं.

१९८३ साली डिप्लोमाला असताना एका मित्राच्या घरी हीच रेकॉर्ड लागली आणि मी चक्रावलो. गाणं धावत होतं. गायकाचा आवाज तरुण, गिटारला धार. मी त्याला म्हणालो, तुझं मशीन जोरात फिरतंय. तो म्हणाला, तुझंच हळू फिरत असेल. त्याच्याकडून कॅसेटवर भरून घेतलं आणि घरी आणलं. आईने पुन्हा पेटी काढली. या वेळी पांढरी पाच, अगदी चपखल.

मामांचं मशीन अमेरिकेतलं. तिथली वीज ६० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ६० लाटा, आपली ५० ची. ट्रान्सफॉर्मर २२० व्होल्टचे ११० करतो, पण हर्ट्झना हात लावत नाही. त्या जातीची मोटर विजेच्या लाटांबरोबर फिरते. चार पोलची (चार चुंबकी टोकांची) असेल तर तिकडे मिनिटाला १८०० फेरे, इकडे १५००. म्हणजे सहातले पाच भाग. मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीसच्या मधे, नेमके ३३⅓ फेरे घ्यायच्या तबकडीचे आमच्याकडे २७.८ होत होते. पाच मिनिटं चाळीस सेकंदांचं गाणं पावणेसात मिनिटांच्या वर जात होतं आणि सूर तीन पट्ट्यांहून थोडा जास्त खाली. आईचा कान बरोबर होता, पेटीही बरोबर होती. कॅसेट प्लेअरची मोटर डीसीवर चालते, तिला हर्ट्झशी देणंघेणं नाही, म्हणून कॅसेटने खरं सांगितलं.

उपाय कागदावर सोपा. मोटरच्या दांड्यावर पितळी पुली असते, तिच्यावरून रबरी बेल्ट ताटलीला फिरवतो. पुली १.२ पट जाड केली की वेग भरून निघतो. मी व्हर्निअरने मापलं, १० मिमी भरली. शुक्रवार पेठेतल्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडून १२ मिमीची करून घेतली. आता वेग तपासायचा कसा? पांढऱ्या पुठ्ठ्यावर गोल काढला आणि कंपासपेटीतल्या कोनमापकाने दर दोन अंशांवर एक अशा १८० काळ्या रेघा मारल्या. आपल्या विजेवर ट्यूबलाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. ताटली नेमकी ३३⅓ ने फिरत असेल तर त्या उजेडात १८० रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. रात्री घरचे झोपल्यावर पुठ्ठा ताटलीवर ठेवला आणि मशीन चालू केलं. रेघा थांबल्या नाहीत. मुंग्यांच्या रांगेसारख्या हळूहळू मागे सरकत राहिल्या, सेकंदाला जवळजवळ एक.

दोन दिवस डोकं चालेना. मग मिस्त्रीच म्हणाले, "पट्ट्याची जाडी धरलीस का?" बेल्ट ओढ देतो तो त्याच्या जाडीच्या मध्यावरून. ०.६ मिमीचा बेल्ट असेल तर हिशेब १० चा नाही, १०.६ चा. त्याला १.२ ने गुणायचं आणि मग बेल्टची जाडी वजा करायची: १२.१२. मिमीचा आठवा भाग चुकला की शंभरात एक वेग चुकतो आणि आईसारख्या कानाला तो खुपतो. दुसरी पुली बसवली. रेघा थांबल्या. आईला उठवलं. तिने अंथरुणात बसून पूर्ण गाणं ऐकलं आणि म्हणाली, "हां. आता गातोय."

आमच्या व्यवसायाची सुरुवात मी तिथून धरतो, जरी शटर उघडलं ते १९८९ साली. तापकीर गल्लीपासून जवळ, दहा बाय आठची जागा, मी आणि एक मदतनीस. काम मात्र सगळं टेप रेकॉर्डर आणि डेकचं. हेड घासलेले, पिंच रोलर चिकट झालेले. रेकॉर्ड प्लेअर महिन्याला दोन आले तर आले. पुढे सीडी आली आणि लोक तबकड्या रद्दीवाल्याला किलोवर द्यायला लागले. मी दर रविवारी जुन्या बाजारात जायचो. चपला, नळ, कुलपं यांच्या शेजारी गोणपाटावर एलपी उन्हात पडलेल्या असायच्या, वाकलेल्या, काही दमदमच्या कारखान्यातल्या एचएमव्हीच्या, काही परदेशी. ज्यांच्यावर काही लिहिलेलंच नाही अशी कव्हरंही असायची. लेड झेपलिनच्या १९७१ च्या चौथ्या अल्बमच्या कव्हरवर ना बँडचं नाव ना अल्बमचं, फक्त लाकडाची मोळी पाठीवर घेतलेला म्हातारा. विकणाऱ्याला ते शेतकी खात्याचं काहीतरी वाटायचं. मी आणलेल्या पहिल्या दोनशे तबकड्या विकल्या गेल्या नाहीत. त्या विकायला आणल्याच नव्हत्या, असं बायको म्हणते, आणि ते खरं आहे.

हे संगीत मला का धरून राहिलं? एक कारण कामातून कळलं. ती माणसं अडचणीत वाजवत होती. डीप पर्पल डिसेंबर १९७१ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोला गेले ते तिथल्या कॅसिनोत रेकॉर्डिंग करायला. ४ तारखेला तिथे अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाचा कार्यक्रम चालू असताना प्रेक्षकांतल्या कुणीतरी फ्लेअर (इशाऱ्याचा पेटता बाण) उडवला आणि कॅसिनो जळून गेला. तळ्यावर पसरलेला तो धूरच गाण्यात आला. मग ते हिवाळ्यासाठी बंद असलेल्या ग्रँड हॉटेलच्या बोळात गाद्या लावून वाजवायला बसले. रेकॉर्डिंगची यंत्रं बाहेर उभ्या ट्रकमध्ये, रोलिंग स्टोन्स या बँडच्या फिरत्या स्टुडिओत. वाजवलेलं ऐकायचं तर खोल्या, बाल्कन्या ओलांडत थंडीत ट्रकपर्यंत जायचं. शेवटी त्यांनी जाणं सोडलं आणि मनाला पटेपर्यंत वाजवत राहिले. ती सुरुवातीची गिटार त्यांच्या रिची ब्लॅकमोरने नखीने नाही, बोटांनी छेडली आहे. चांगल्या सुईवर ते ऐकू येतं: दोन तारा एकदम सुटतात. झिजलेल्या सुईवर नुसता गठ्ठा ऐकू येतो. म्हणून ही माझी पहिली तबकडी.

दुसरी तपासणी क्वीनच्या १९७५ च्या 'अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा'वर होते. 'बोहेमियन ऱ्हाप्सडी' दुसऱ्या बाजूच्या अगदी शेवटाकडे आहे, लेबलजवळ. तबकडी तेवढ्याच फेऱ्यांनी फिरते, पण बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला ५० सेंटिमीटरहून जास्त खोबण जाते आणि आत पोचेपर्यंत जेमतेम २०. तेवढ्याच क्षणाचं संगीत निम्म्याहून कमी जागेत कोंबलेलं. आणि नेमकं तिथेच तिघांनी पुन्हा पुन्हा गाऊन थरावर थर चढवलेलं ते समूहगान. आर्मचा, म्हणजे सुई धरणाऱ्या दांड्याचा, कोन वाकडा असेल, सुईचा भार कमी असेल, तर तिथे आवाज फाटतो. गिऱ्हाइकाला वाटतं तबकडी खराब आहे. नव्वद टक्के वेळा नसते. क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकला, तिथेच मुलांच्या 'हेक्टिक्स' बँडमध्ये पियानो वाजवायचा. ते गाणं स्वच्छ वाजलं की मला दर वेळी घाट आठवतो.

मुंबईचाही धागा आहे. झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट १९७२ साली मुंबईत आले, आपल्याकडच्या वादकांना घेऊन दोन गाणी मुद्रित केली. ती अधिकृतपणे बाहेर यायला २०१५ साल उजाडलं. आमच्याकडे ती तबकडी आली त्या दिवशी दुकान दुपारी अर्धा तास बंद ठेवलं.

धंद्याचं सांगायचं तर १९९४ साल वाईट गेलं. एका गिऱ्हाइकाच्या शूर कंपनीच्या कार्ट्रिजची (आर्मच्या टोकाला सुई धरणाऱ्या डबीची) सुई माझ्या बाहीत अडकून तुटली. केसाएवढी ती नळी. मी भरून दिली, दोन महिन्यांची कमाई गेली. त्या दिवसापासून दुकानात कुणीही, मीसुद्धा, बाह्या दुमडल्याशिवाय आर्मला हात लावत नाही. शूरने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणं थांबवलं, त्यामुळे आज ती तुटली तर पैसे देऊनही शूरची अस्सल नवी मिळणं कठीण.

दुसरा घाव २५ सप्टेंबर २०१९ चा. सहकारनगरला आमचं छोटं गोदाम होतं. त्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी आत शिरलं. सकाळी दार उघडलं तर खालच्या तीन फळ्या गाळात. तबकडीला पाणी काही करत नाही. आम्ही चौघांनी अकरा दिवस धुतल्या: डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, थेंबभर भांड्यांचं लिक्विड, आणि मग भांड्यांच्या जाळीत उभ्या सुकवायच्या. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जुन्या तबकड्यांना मात्र अल्कोहोल लावायचं नाही, त्या विरघळतात. त्या बायकोने नुसत्या पाण्याने पुसल्या. पण कव्हरं गेली. ती त्रिकोणी काचेतून फुटणारी रंगांची पट्टी, पिंक फ्लॉइडच्या १९७३ च्या अल्बमची, माझ्याकडे सात प्रती होत्या. सातही लगदा झाल्या. तबकड्या अजून आहेत, पांढऱ्या कागदी पाकिटांत, वर माझ्या अक्षरात नाव. त्या आम्ही विकत नाही.

मुंबईत काळा घोड्याजवळचं रेकॉर्डचं दुकान ऱ्हिदम हाउस २०१६ मध्ये बंद झालं तेव्हा आम्हाला वाटलं, आता आपलंही संपलं. उलट झालं. त्यानंतरच्या वर्षांत तरुण मुलं यायला लागली, आजोबांचं मशीन कापडात गुंडाळून. आज आमचं सत्तर टक्के काम टर्नटेबलचं आहे. माणसं पाच. पुल्या अजून लेथवरच होतात, आता मिस्त्रींचा मुलगा करतो. दुकानात सगळीकडे एलईडी आहे, पण कामाच्या टेबलावर तांब्याच्या चोकची एक जुनी ट्यूब मुद्दाम ठेवली आहे, कारण आमच्या रेघा तिच्याच उजेडात थांबतात. पुठ्ठा तोच, १९८४ चा.

मागच्या श्रावणात नाशिकहून एक आजोबा आले. ऐंशीच्या पुढचे. ऐंशीच्या दशकात न्यू जर्सीहून आणलेलं मशीन, सोबत तसाच ट्रान्सफॉर्मर. बेल्ट गळून पडला होता, बाकी ठीक. आम्ही बेल्ट बदलला, नेहमीप्रमाणे पुलीही नवी बसवली, ट्यूबखाली रेघा थांबवून दाखवल्या. त्यांनी आणलेली फ्लीटवुड मॅकची १९७७ ची 'रूमर्स' लावली. ते डोळे मिटून ऐकत राहिले. मग म्हणाले, "काका, छान आहे. पण हे आमचं नाही. आमची ही स्वयंपाक करताना लावायची ना, ते असं घाईत नव्हतं."

मी चाळीस वर्षं हीच चूक दुरुस्त करत आलो. त्यांना हर्ट्झ समजावून सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. जुनी पुली काढून ठेवलेल्या डबीत होती. मी ती परत बसवली. गायिकेचा आवाज खाली उतरला, जड झाला, लांबला. आजोबांनी मान डोलावली.

नवी पुली कापसात गुंडाळून डबीत घालून दिली, सोबत छोटा स्क्रू ड्रायव्हर. नातवाला बदलायची कशी ते दोनदा करून दाखवलं. बिल फक्त बेल्टचं लावलं.

ते गेल्यावर मी मामांच्या मशीनची पहिली पुली शोधली. खिळ्यांच्या बरणीत सापडली. रात्री घरी बसवली आणि आईच्या खोलीत मशीन नेलं. आई आता नव्वदीला आली आहे. पेटी जवळच होती. तिने भाता न उघडताच सांगितलं, "पांढरी तीन. उतरलेली. राहू दे, लाव पूर्ण."