अरुबा, सेंट लुशिया की बार्बाडोस? आम्ही कसं ठरवलं

लेक कॉलेजला गेली आणि कित्येक वर्षांनी आम्ही दोघंच सुट्टीवर निघालो. दोघांनाही फक्त समुद्र हवा होता. म्युझियम नको, सकाळी उठून कुठे पोचायची घाई नको. कॅरिबियनला जायचं हे एका मिनिटात ठरलं, बेट ठरायला मात्र महिना गेला. फोटोंत सगळीच बेटं निळीशार दिसतात, म्हणून फोटोंवर जाऊ नका. आधी महिना बघा, मग वाळू, मग व्हिसा.

हरिकेनचा काळ 1 जून ते 30 नोव्हेंबर. ज्यांना ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच रजा मिळते त्यांनी सरळ अरुबा घ्यावं. ते व्हेनेझुएलाजवळ आहे, वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला. मात्र बेट कोरडं, निवडुंगांचं, आणि वारा सतत. तिथली डिवी-डिवीची झाडंसुद्धा त्या वाऱ्याने एका बाजूला वाकलेली असतात. आमच्यासारख्या अमेरिकेत परतणाऱ्यांची अमेरिकी पासपोर्ट-तपासणी (इमिग्रेशन) अरुबाच्याच विमानतळावर होते, तेव्हा निघताना हाताशी भरपूर वेळ ठेवा. सेंट लुशियाचे पिटॉन सुळके मला फार खुणावत होते. पण ते ज्वालामुखीचं बेट, बऱ्याच किनाऱ्यांची वाळू करडी. शिवाय मोठा विमानतळ दक्षिण टोकाला आणि आम्ही बघितलेली हॉटेलं उत्तरेला, मध्ये दीड तासाचा वळणावळणाचा रस्ता. मला गाडी लागते. तिथेच ते नाव गळलं.

बार्बाडोस प्रवाळाच्या चुनखडीचं आहे. म्हणून वाळू पांढरी, आणि त्याच दगडातून झिरपून आलेलं नळाचं पाणी बिनधास्त पिता येतं. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. पण अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर पासपोर्टवरचा अमेरिकी व्हिसाचा स्टँप चालू आहे ना, हे तिकीट काढण्याआधी बघा. कॅनडा-मेक्सिकोच्या छोट्या सहलीवरून स्टँप संपलेला असतानाही परतता येतं, ती सवलत इथे मिळत नाही. आम्ही डिसेंबरचा पहिला आठवडा धरला. वादळं सरलेली असतात आणि नाताळचे भाव अजून चढलेले नसतात. न्यूयॉर्कहून थेट विमानाने पाच तासांच्या आत पोचलो.

पहिल्या दोन रात्री पूर्वेला, बॅथशेबाला राहिलो. अटलांटिकच्या लाटा, किनाऱ्यावर छत्रीसारखे उभे प्रचंड खडक. दृश्य अप्रतिम, पण पोहायचं नाव काढू नका, प्रवाह धोक्याचा आहे. ओहोटीला खडकांमधल्या उथळ पाण्यात बसता येतं, एवढंच. वर्षातले काही महिने याच बाजूला सरगॅसमचं शेवाळ वाहून येतं. इथे एक दुपार पुरे, मुक्काम पश्चिमेलाच करा. पेन्स बे, मलिन्स या किनाऱ्यांवर समुद्र तळ्यासारखा शांत असतो. हॉटेल स्वस्तातलं घेतलंत तरी चालेल, कारण इथले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. कार्लाइल बेमध्ये बुडालेल्या जहाजांवरून पोहताना एक कासव माझ्या अगदी शेजारून गेलं. त्याच्या पाठीवरची एकेक खवली मोजता आली असती. हात लावू नका, नुसतं बघा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तिसऱ्या दिवशी अचानक सर आली आणि मी किनाऱ्यावरच्या एका दाट झाडाखाली धावले. बांगड्या विकणाऱ्या एका बाईने ओरडून माझा दंड धरला आणि मला बाहेर ओढलं. बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला होता, खाली हिरव्या बोरांसारखी फळं पडली होती. ते मँचिनील. त्याचा चीक अंगावर पडला की फोड येतात, पावसाचं पाणी पानांवरून ओघळलं तरीही, आणि फळ विषारी. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. लाल पट्टा प्रत्येक झाडावर असेलच असं नाही, म्हणून फळं ओळखायला शिका.

फिरायला बस उत्तम, साडेतीन बेजन (म्हणजे बार्बाडोसच्या) डॉलरला कुठेही. दोन बेजन म्हणजे एक अमेरिकी डॉलर, तेव्हा भाव कोणत्या डॉलरमध्ये आहे ते आधी विचारा. सरकारी बसमध्ये सुटे लागतात. थांब्यावर ‘टू सिटी’ किंवा ‘आउट ऑफ सिटी’ लिहिलेलं असतं, शहर म्हणजे ब्रिजटाउन. लष्करी छापाचे कपडे घरीच ठेवा, इथे ते कायद्याने बंद आहेत, लहान मुलांनाही.

ब्रिजटाउनला गेलात तर केन्सिंग्टन ओव्हल हे क्रिकेटचं मैदान चुकवू नका. 1971 मध्ये वाडेकरांच्या संघातल्या सरदेसाईंनी इथे 150 केल्या, गावसकरांनी नाबाद 117. आणि 29 जून 2024 ला टी-20 विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर तो झेल घेतला तोही इथेच. नवरा बार्बाडोसचे महान क्रिकेटपटू गॅरी सोबर्स यांच्या पुतळ्यापाशी बराच वेळ काही न बोलता उभा होता.

शाकाहाऱ्यांना रोटीच्या दुकानांत बटाटा-छोल्यांची रोटी मिळते, आमची दोन जेवणं त्यावरच झाली. मासे खाणाऱ्यांनी शुक्रवारी संध्याकाळी ऑइस्टिन्स हे कोळ्यांचं गाव गाठावं. लांब बाकांवर अनोळखी लोकांशेजारी बसून निखाऱ्यावरचा मासा, सोबत ‘मॅकरोनी पाय’, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी. पाटीवर ‘डॉल्फिन’ दिसलं तर दचकू नका, तो माही-माही मासा. उशिरा गेलो तर रांग मोठी, आम्ही सहालाच जाऊन बसलो. मुक्कामात एक शुक्रवार येईल असंच तिकीट काढा.