लग्न लावणाऱ्यांची नवी बॅच आणि मांडवाच्या आधीचं काम

आमच्या भागात सत्यशोधक पद्धतीनं (म्हणजे जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाच्या, भटाशिवायच्या रीतीनं), बौद्ध पद्धतीनं, किंवा दोन धर्मांची घरं असली तर दोघांना चालेल अशा पद्धतीनं लग्न लावायला आता नवीन पोरंपोरी पुढं येताहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. शिबिरात आले की सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच, सर मांडवात बोलायचं काय? मी म्हणतो ते शेवटी शिकवीन, आधी हे लग्न कोणत्या कायद्यावर उभं आहे ते सांगा.

कारण मुलगी बौद्ध आणि मुलगा कुणबी असेल तर घरच्यांना तो आंतरधर्मीय विवाह वाटतो, पण 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात बौद्ध, जैन, शीख सगळे येतात, म्हणजे दोघांपैकी एकाच्या रीतीनं नीट विधी झाला पाहिजे. नुसता नोंदणीचा दाखला काढून भागत नाही, 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानंही हे स्पष्ट सांगितलंय. उलट एक जण मुस्लिम किंवा ख्रिश्चन आणि दुसरा हिंदू, आणि कोणालाच धर्म बदलायचा नाही, तर 1954 चा विशेष विवाह कायदा. तिथं आपण मांडवात कितीही सुंदर बोललो तरी कायद्यानं लग्न लागतं ते विवाह अधिकारी आणि 3 साक्षीदारांसमोर. आधी नोटीस, मग 30 दिवस थांबणं, म्हणून पंधरा दिवसांवर तारीख धरून कोणी आलं तर तिथंच सांगायचं की बाबा आधी जिल्ह्याला जाऊन नोटीस द्या, पत्रिका मग छापा. (ती नोटीस बोर्डावर लावतात ते मला पटत नाही, घरून विरोध असलेल्या जोडप्याचे त्यात फार हाल होतात.) पण याच कायद्यातली एक गोष्ट मला फार आवडते, एकमेकांना स्वीकारल्याचं वाक्य दोघांना समजेल त्या भाषेत म्हणता येतं, म्हणजे आपल्या वऱ्हाडीतही.

आणि वय. मुलगी 18, मुलगा 21, जन्मदाखला किंवा टीसी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय हो म्हणायचंच नाही. 2006 च्या कायद्यात बालविवाह लावणाऱ्यालाही 2 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाखापर्यंत दंड आहे, पण शिक्षेच्या आधी त्या पोरीचा विचार करा. कागद दाखवायला टाळाटाळ झाली की ग्रामसेवकाला सांगा नाहीतर 1098 ही मुलांसाठीची हेल्पलाइन लावा, नातं तुटलं तरी चालेल.

मग दोन्ही घरी जाऊन बसायचं, आणि इथंच खरा वेळ द्यावा लागतो. नवीन लोकांना वाटतं थोडं याचं थोडं त्याचं घेतलं की झालं सर्वधर्मसमभाव, तसं नसतं हो. मंगलाष्टकाची सुरुवात गणपतीपासून करायची सवय असते आपल्याला, पण ज्या घरानं बाबासाहेबांच्या 1956 च्या धम्मदीक्षेतल्या 22 प्रतिज्ञा (त्यात गणपती न मानण्याचीही आहे) मनापासून पाळल्या त्यांच्यासाठी ती साधी ओळ नाही, त्यांच्या आजोबांनी जे सोडलं ते परत त्यांच्या मांडवात आणणं आहे. तिकडं मुलाची आजी म्हणते, "अक्षदा नसन तं मले लग्न झाल्यासारखं वाटत नाही बापा." दोघंही खरंच बोलतात. अशा वेळी मी त्रिशरण पंचशील ही बौद्ध वंदना पूर्ण ठेवतो, अक्षतांऐवजी फुलाच्या पाकळ्या सुचवतो, आणि ज्योतिरावांची मंगलाष्टकं दोन्ही घरांना आधी वाचून दाखवतो, कारण त्यात नवरानवरी एकमेकांशी बोलतात आणि नवरी आपला हक्क मागते. आजीला पाकळ्यांसाठी तयार करायला दोनतीन चकरा होतात, होऊ द्या, तिला न विचारता तिचं काही काढायचं नाही.

बोलणं त्यानंतर. मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत माणसं बसलेली असतात, अर्ध्या तासाच्या वर कोणी ऐकत नाही, डीजेवाल्याला आधीच भेटून ठेवा, माईक हातात आला की भाषण नको, जोडप्याची नावं मात्र चुकू देऊ नका.

यंदाच्या बॅचमध्ये पोरीही आहेत. गावात विचारतात, बाई लग्न लावते का? 1873 मध्ये सत्यशोधक समाजाचं पहिलं लग्न झालं तेव्हा सावित्रीबाई त्यात पुढं होत्या, तेवढं सांगून पुढच्या कामाला लागायचं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होईल, त्यातलं पहिलं लग्न यांच्यापैकीच एक जण लावणार आहे, मी साक्षीदारांच्या सह्या आणि ग्रामपंचायतीचा नोंदणीचा फॉर्म सांभाळीन.